कातळबंदरचा तिसरा सिग्नल

"मॅडम, सेटाक सील लावलास तर चौदा होडयांक हाक कोण मारतलो?"

इंदुमती मयेकरने हे विचारलं तेव्हा मी लाखेची कांडी मेणबत्तीवर धरून उभी होते. मी उत्तर दिलं नाही. सरकारी कामात उत्तर द्यायचं नसतं, सही घ्यायची असते, असं मला साहेबांनी शिकवलं होतं, आणि त्या दिवसांत साहेबांचा शब्द माझ्यासाठी वेदवाक्य होता.

"पंच कुठेत?" मी विचारलं.

पंच म्हणजे बर्फाच्या कारखान्यातला एक कारकून आणि एक किराणा दुकानदार. दोघं बाहेर ओट्यावर उभे होते. त्यांना जेवायला घरी जायचं होतं. घड्याळात पावणेबारा झाले होते.

"पंधरा मिनटां थांबा," इंदुमती म्हणाली. "बाराची हजेरी घेवंक द्या. निदान सांगतंय तरी त्यांका, की आजपासून हाक येवची नाय."

"तपासणीत दोषी ठरलेलं यंत्र एक मिनिटही चालवता येत नाही, बाई. नियम आहे."

असा नियम कुठेही लिहिलेला नाही. पण तेव्हा माझं वय अठ्ठावीस होतं, पहिलाच स्वतंत्र दौरा होता, आणि खात्याचं कोरं करकरीत यंत्र माझ्या ताब्यात होतं. अशा वेळी माणूस बोलतो तोच नियम असतो. मी लाख टाकली, शिक्का दाबला, पंचांनी सह्या केल्या. फौजदार पाचर्णेंनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "सुटलो बुवा एकदाचे."

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली. मी हेमलता गायधनी, नाशिककडची. समुद्र म्हणजे सहलीला जाऊन भेळ खायची जागा, एवढंच मला ठाऊक. वायरलेस तपासणी खात्यात मी सहायक अभियंता होते. हवेतून कोण, कुठल्या फ्रीक्वेन्सीवर, किती जोरात बोलतंय आणि दुसऱ्याच्या जागेत पाय पसरतंय का, हे बघायचं आमचं काम. कातळबंदरच्या पोलीस चौकीने तक्रार केली होती की मच्छीमार सोसायटीने नवा डिजिटल सेट बसवल्यापासून पोलिसांच्या वायरलेसवर घरघर येते. सोसायटीचा सेट बोलायला लागला की घरघर सुरू, तो गप्प झाला की बंद. चार महिने हेच चाललं होतं, आणि पाचर्णे अगदी मेटाकुटीला आले होते.

सोसायटीचा सेट चालवायची ती इंदुमती. दहावी पास, तिशीच्या आतबाहेर, सडपातळ, आवाज मात्र खणखणीत. बंदरातल्या चौदा होड्या तीन-तीन, चार-चार दिवस खोल पाण्यात जायच्या. तिथे मोबाइल चालत नाही. होडीवरचे सेट छोटे. त्यांचं बोलणं सोसायटीच्या टेकडीवरल्या अँटेनातूनच सगळीकडे पोचायचं. रोज सकाळी सहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला इंदुमती वहीतल्या क्रमाने एकेका होडीचं नाव घ्यायची. होडीवरून "आसा" असं उत्तर आलं की बरोबरची खूण करायची. हवामानाची खबर असली तर तीही सांगायची. याला बंदरात हजेरी म्हणत. तिने मला हे सगळं सकाळीच सांगितलं होतं, चहा देताना. मी चहा प्यायले होते आणि ऐकलं अर्धंच होतं.

आता मी सकाळी काय केलं तेही सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

आमची गाडी टेकडीवर नेऊन लावली. गाडीत स्पेक्ट्रम ॲनलायझर, म्हणजे हवेतले सगळे सिग्नल एका पडद्यावर ओळीने उभे करून दाखवणारं यंत्र. जुन्या पद्धतीच्या वायरलेसचा सिग्नल त्यात उभ्या सुळक्यासारखा दिसतो. डिजिटलचा तसा नाही. त्यात आवाजाचे आकडे होतात आणि ते आकडे दिलेल्या जागेत सारखे पसरतात, त्यामुळे पडद्यावर वरून चपटा असा ओटा दिसतो. टेकडीवर दोन दांडगे सिग्नल होते. एक बंदर कार्यालयाच्या मनोऱ्याचा, अहोरात्र चालू. दुसरा सोसायटीचा, इंदुमती बोलेल तेव्हाच. मी खाली निरोप पाठवून तिला बोलायला लावलं, आणि काय सांगू, सोसायटीचा ओटा उभा राहिला त्याच क्षणी पलीकडे, बरोबर पोलिसांच्या जागेवर, तिसरा एक उंचवटा उगवला. ती थांबली, तो गेला. पुन्हा बोलली, पुन्हा आला. मी आनंदाने टाळी वाजवली. चार महिन्यांचं दुखणं मी चाळीस मिनिटांत पकडलं होतं!

माझ्यासोबत निकुंभ होते. आमचे टेक्निशियन आणि गाडीही तेच चालवायचे. धुळ्याकडचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, दिवसात मोजून वीस वाक्यं बोलणारे. त्यांनी पडद्याकडे बघितलं, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"मॅडम, ॲटेन्युएटर?"

ॲटेन्युएटर म्हणजे यंत्रात येणारं सगळं थोडं दाबून आत घेणारं बटण. ते का दाबायचं हे आमच्या खात्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. दोन दांडगे सिग्नल एकदम आत घुसले की कधी कधी यंत्रालाच अपचन होतं आणि ते स्वतःच्या पोटातून तिसरा सिग्नल काढून पडद्यावर दाखवतं. तो हवेत कुठेच नसतो. बटण दाबलं की खऱ्या-खोट्याचा निकाल लागतो. खरा सिग्नल जागचा हलत नाही, कारण जेवढं दाबलं तेवढं यंत्र हिशेबात परत धरतं. पोटातला मात्र धाडकन खाली येतो, कारण घास लहान झाल्यावर अपचनच उरत नाही. एका बटणाचं, दहा सेकंदांचं काम.

"बघितलं," मी म्हटलं.

बघितलं नव्हतं. मला त्या माणसाचा राग आला होता, खरं सांगायचं तर. मी इंजिनियर, तो टेक्निशियन, आणि मला पहिल्या आठवड्याचा धडा विचारतो! आणि मुख्य म्हणजे हे यंत्र नवं होतं. जुन्या खटाऱ्याला अपचन होईल, याला कशाला होईल, असं मी धरून चालले होते. निकुंभांनी मान हलवली आणि पडद्यावरचा आलेख कागदावर छापून काढला. पावणेबाराला सील.

संध्याकाळी विश्रामगृहात मी साहेबांना फोन करून फुशारकी मारली. साहेब म्हणाले, शाब्बास.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी साडेनऊला अहवालाला आलेख जोडायला घेतले. डिजिटल सिग्नलची रुंदी लिहावी लागते, म्हणून पट्टी ठेवून चौकोन मोजले. सोसायटीचा ओटा दोन चौकोन रुंद. तिसऱ्याचे मोजले. चार.

पुन्हा मोजले. चारच.

एखाद्या एकट्या सेटचा बिघडलेला सिग्नल बाजूच्या जागेत सांडू शकतो, पण स्वतःपेक्षा नेमका दुप्पट रुंद होऊन दूरवर उभा राहत नाही. दुप्पट रुंदी कधी येते, तर एखादं यंत्र त्या सिग्नलला स्वतःशीच गुणून मग दुसऱ्या सिग्नलशी मिसळतं तेव्हा. कुठलं यंत्र? सोसायटीचा सेट असेल, किंवा माझा ॲनलायझर. सेट असेल तर सील बरोबर. ॲनलायझर असेल तर... मी कागद उचलला.

"निकुंभ, गाडी काढा."

त्यांनी कागद बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं. किल्ली घेऊन निघाले. काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सोसायटीत पोचलो तर ओट्यावर वीस-पंचवीस माणसं, बहुतेक बायका. फळ्यावर खडूने हवामानाची खबर लिहिलेली: दुपारनंतर आग्नेयेकडून जोरदार वारे, समुद्र खवळणार, होड्यांनी तात्काळ किनारा गाठावा. सकाळी नऊला आली होती. आत इंदुमती सोसायटीच्या फोनवरून एकेका खलाशाचा मोबाइल लावत होती, आणि तिकडून तेच ठरावीक वाक्य, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. शेजारच्या बंदराला कळवून झालं होतं, पण त्यांच्या होड्यांवरचे सेट वेगळे. मोठ्या बंदरातून जहाज निघालं होतं, ते पोचेपर्यंत संध्याकाळ होणार होती. टेबलावर सेट तसाच, माझी लाल लाख लेवून.

मला बघून बायका बाजूला सरल्या. इंदुमतीने फोन खाली ठेवला.

"आयलास? सील काढूक आयलास?"

"थांबा जरा," मी म्हटलं आणि बाहेर येऊन साहेबांना फोन लावला.

"साहेब, कातळबंदरच्या रिपोर्टबद्दल मला शंका आहे."

"कसली शंका? काल तर छातीठोकपणे बोलत होतीस."

"तिसरा सिग्नल दुप्पट रुंद आहे. आपल्याच ॲनलायझरमधला असू शकतो."

 "ॲटेन्युएटर लावून बघितलं होतंस ना?"

"नाही, साहेब."

"मग आता लावून बघ."

"बघायला सोसायटीचा सेट चालू व्हायला हवा. त्याला सील आहे."

"मग सोमवारी ये, फाइल घेऊन बसू. हुकूम काढू."

"साहेब, दुपारी वादळ आहे. चौदा होड्या बाहेर आहेत."

"हेमलता, नीट ऐक. लेखी हुकमाशिवाय पंचनाम्याचं सील तोडणं हा गुन्हा आहे. आणि तोडून तोच सेट दोषी निघाला, तर मी तुला ओळखत नाही."

फोन ठेवला. निकुंभ गाडीला टेकून उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"म्हणजे सील तोडल्याशिवाय कळणार नाही," ते म्हणाले, "आणि कळल्याशिवाय सील तोडता येणार नाही."

"हो."

"घोडं अडलं म्हणायचं."

"निकुंभ, काल मी खोटं बोलले. बटण दाबलं नव्हतं."

"ठाऊक आहे. मी शेजारीच उभा होतो ना, मॅडम."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बघितलं म्हणालात. त्यावर मी काय बोलू?"

मला रडू आलं असतं, पण तेवढी सवड नव्हती. दहा वाजून गेले होते. खोल पाण्यातल्या होडीला परत यायला पाच-सहा तास लागतात, हे एव्हाना ओट्यावरच्या बायकांनी मला न विचारता तीनदा ऐकवलं होतं.

मी ठरवलं ते फार विचार करून ठरवलं असं नाही. मी निकुंभांना म्हटलं, "गाडी टेकडीवर न्या. यंत्र लावा, कालच्याच जागी. इकडे हाक सुरू झाली की तिसरा सिग्नल उभा राहील. मग बटण दाबा आणि मला फोन करा."

"आणि नाही पडला तर?"

"नाही पडला तर माझी नोकरी गेली. होड्या तरी येतील."

ते गेले. मी आत आले, पिशवीतून कोरा कागद काढला आणि त्यावर लिहिलं की सील मी स्वतःच्या जबाबदारीवर तोडत आहे, सोसायटीच्या कोणाचाही यात हात नाही. खाली सही, तारीख, वेळ. दहा वाजून वीस मिनिटं. पुढे या कागदावर माझी चौकशी झाली आणि बढती चार वर्षं लटकली. त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही. लाख उकरायला चाकू मागितला, तर एका बाईने मासे कापायची कोयती पुढे केली.

"बस," मी इंदुमतीला म्हटलं. "मार हाक."

तिने वही उघडली.  बटण दाबलं आणि वहीतलं पहिलं नाव घेतलं. "सातेरी माउली, सातेरी माउली, इंदू बोलतंय. वारो येता. माघारी फिरा. आयकलास?"

खरखर झाली. मग लांबून एक पुरुषी आवाज. "आसा गे! आयकला. फिरतंव."

ओट्यावर एका बाईने हात जोडले. तिचा नवरा असणार त्या होडीवर. इंदुमतीने खूण केली आणि दुसरं नाव घेतलं.

चौथ्या नावाला माझा फोन वाजला.

"पडला, मॅडम," निकुंभ म्हणाले. "धाडकन पडला. दिसतसुद्धा नाही आता. सोसायटीचा ओटा जिथल्या तिथे."

"पुन्हा बघा."

"तीनदा बघितलं."

म्हणजे सेट निर्दोष होता. पहिल्यापासून निर्दोष होता. हवेत दोनच सिग्नल होते, आणि तिसरा माझ्या यंत्राच्या पोटात. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला हायसं वाटायला हवं होतं, नोकरी वाचली होती. उलट मी कालच्या पावणेबारापासूनचे तास मोजायला लागले.

तेवढ्यात जीप आली. फौजदार पाचर्णे आत शिरले ते तिरीमिरीतच. "सील कोणी तोडलं? माझ्या वायरलेसवर पुन्हा घरघर सुरू झालीय!"

"मी तोडलं. हळू बोला, हजेरी चालू आहे."

"मॅडम, काल तुम्हीच..."

"काल मी चुकले. हवेत काही नाही, साहेब. काल तुमच्या चौकीत बघितलं, सेटला सिग्नल ओढायला मध्ये बूस्टर बसवलाय. तो चार महिन्यांपूर्वीच बसवला ना?"

"हो. रेंज वाढावी म्हणून."

"तो दोन्ही सिग्नल इतके फुगवून आत घेतो की तुमच्या सेटलाच अपचन होतं. माझ्या यंत्राला झालं तेच. बूस्टर काढा, घरघर जाईल."

त्यांना पटलं नाही. पण माणूस सरळ होता. चौकीत फोन करून बूस्टरची वायर काढायला सांगितली, आणि फोन कानाला लावून उभे राहिले. इंदुमतीने दहावं नाव घेतलं. पलीकडून हवालदार काहीतरी म्हणाला. पाचर्णेंनी फोन खाली घेतला.

"गेली," ते म्हणाले. "च्यायला, गेली की!"

मग आजूबाजूच्या बायका बघून त्यांनी टोपी काढली आणि तिथेच एका खुर्चीत बसून घेतलं.

"रवळनाथ प्रसन्न," इंदुमती म्हणाली. "रवळनाथ प्रसन्न, इंदू बोलतंय. वारो येता."

खरखर.

"रवळनाथ प्रसन्न. आयकतास?"

काहीच नाही. तिने तिसऱ्यांदा हाक मारली, थोडं थांबली, वहीत खुणेची जागा मोकळी सोडली आणि बारावं नाव घेतलं. बारावी बोलली. तेरावी बोलली. चौदावीही बोलली. मग ती पुन्हा अकराव्यावर आली.

माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "तिचोच घोव त्या होडयेर. आणि मामंजी."

मी इंदुमतीकडे बघत राहिले. नवरा आणि सासरा असलेली होडी तिने अकरावीच ठेवली होती, कारण वहीत ती अकरावी होती.

दुपारी एकपर्यंत ती हाक मारत होती. बाकीच्या तेरा होड्याही वाटेत हाका मारत होत्या, कुठे दिसतेय का बघत होत्या. कोणाला दिसली नाही. साडेतीनला वारा आला. आला म्हणजे कसा, मला वाटलं सोसायटीचे पत्रे उचलून नेतो. पाचपर्यंत तेराच्या तेरा होड्या धक्क्याला लागल्या. मी मोजत होते. सगळेच मोजत होते.

चूक माझी होती, हे मी इंदुमतीला दोनदा सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ती म्हणाली, "मॅडम, मगे." दुसऱ्यांदा वही घेऊन धक्क्याकडे निघाली. धक्क्यावर कोणी विचारलं की सेट कशाला बंद होता, तर ती "बंद होतो, आता चालू झालो" एवढंच सांगायची. माझं नाव तिने घेतलं नाही, ओट्यावरच्या बायकांनाही घेऊ दिलं नाही. तेरा होड्यांच्या माणसांनी मला कोणीतरी सरकारी बाई समजून वाट दिली.

शनिवारी पहाटे वारा पडला. उजाडताच दोन होड्या शोधायला बाहेर गेल्या, आणि साडेनऊच्या सुमाराला त्यांतली एक परत आली ती "रवळनाथ प्रसन्न"ला दोरखंडाने ओढत. इंजिनात पाणी गेलेलं, जाळी कापून समुद्रात सोडलेली, पण सहाच्या सहा माणसं जिवंत. धक्क्यावर एकच गलका झाला.

इंदुमतीचा नवरा रमाकांत शर्टात गुंडाळलेला उजवा हात छातीशी धरून उतरला. रात्रभर होडी सांभाळताना दोर हातावर आवळला होता. दोन बोटं गेली होती. इंदुमती त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली, रडली-ओरडली नाही.

मागून तिचा सासरा उतरला. बाबल मयेकर, तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. साठीचा, खारवलेल्या चेहऱ्याचा माणूस. त्याच्या हातात प्लॅस्टिकचं घमेलं होतं आणि घमेल्यात होडीवरचा सेट, पार सुटा केलेला. कवच वेगळं, आतली सर्किटची पाटी वेगळी, स्क्रू तंबाखूच्या डबीत. तो निकुंभांच्या अंगावरचा खात्याचा शर्ट आणि माझी पिशवी बघून सरळ आमच्याकडेच आला.

"तुमी मशिनीचे लोक ना? ह्यो बघा. माझो सेट मेलो."

मी घमेल्यात बघितलं. एक वायर तुटलेली होती, पाटीवर मिठाचं पाणी सुकलं होतं.

"कधी मेला?" निकुंभांनी विचारलं.

"गुरवारी. बारा वाजले, हाक नाय. पाच वाजले, हाक नाय. शुक्रवारी सकाळीपण नाय. इंदू हाक मारल्याशिवाय ऱ्हवची नाय, काय झाला तरी. म्हणजे दोष आमच्याच सेटात. म्हणान फोडलंय. बघूक गेलंय तर ही वायर तुटली, ती काय जुळाक नाय. मगे वारो आयलो." त्याने घमेलं खाली ठेवलं. "सुनेक आधी सांगा, तिचो काय दोष नाय. ती हाका मारी असतली. मीच आयकूक नाय."

भोवती जमलेल्यांतला एक तांडेल म्हणाला, "आमी बॅटरी बदलली."

"आमी अँटेना उतरवून घासली," दुसरा म्हणाला. "म्हटलां, मीठ बसला असतला."

एकेक जण सांगायला लागला. कोणी तारा तपासल्या होत्या, कोणी फ्यूज काढून पुसला होता. एकाने होडीची दिशाच बदलून बघितली होती. चौदा होड्या, चौदा सेट. दुपारी बाराला हाक आली नाही, तेव्हा चौदाच्या चौदा ठिकाणी माणसांनी आधी आपलाच सेट उघडून बघितला होता. किनाऱ्यावरच्या इंदूचा सेट बंद असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

निकुंभ माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते.

"तांडेल," मी म्हटलं, "तुमचा सेट चांगला होता."

"नाय गे बाये. हाक नाय आयली."

"हाक मारलीच नव्हती. इंदुमतीच्या सेटला मी सील लावलं होतं, गुरुवारी पावणेबाराला. ती बारापर्यंत थांबा म्हणाली, तुम्हाला कळवते म्हणाली, मी थांबले नाही. आणि तिच्या सेटात काही दोष नव्हता. दोष माझ्या यंत्रात होता. ते तपासायचं बटण आहे. मी दाबलं नाही, आणि दाबलं म्हणून सांगितलं."

सगळं एका दमात बोलले.  मला वाटलं, आता शिव्या येतील, आणि यायलाच हव्या होत्या. एक-दोघं पुढे सरकलेही. बाबलने हात आडवा केला.

त्याने वाकून घमेल्यातली तुटकी वायर बोटांत धरली.

"म्हणजे गुरवारी माझो सेट बरो होतो?"

"हो."

"शुक्रवारी सकाळीपण?"

"हो. साडेदहाला तिने तुम्हाला हाक मारली. तीनदा. मग एक वाजेपर्यंत मारत होती."

"आणि मी फोडूक नसतो, तर माका आयकाक येयत होती."

"हो."

त्याने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मी तो केव्हाच विसरून गेले असते.

"मगे मी तो फोडलंय कशाक?" त्याने मला विचारलं.

तो खरंच विचारत होता. मी मशिनीची बाई, मला ठाऊक असणार असं त्याला वाटत होतं.  मी खाली बसले, घमेलं जवळ ओढलं आणि डबीतले स्क्रू हातावर घेतले.